बारा वाजले की माझा आवाज जायचा

"बोलायचं नसेल तर फोन कशाला करता?" एवढं म्हणून सदाशिव पेठेतल्या आजोबांनी फोन ठेवून दिला. मी त्यांच्याच जिन्याखाली उभा होतो. दारावर कागद चिकटवलेला : 'बेल बंद आहे. फोन करावा. हाका मारू नयेत.' फोन तर मी केला होता. तीन वेळा "आजोबा, फिल्टरवाला आलोय" असं घसा ताणून सांगितलंही होतं. त्यांचं 'हॅलो, हॅलो' मला स्वच्छ ऐकू येत होतं, माझं मात्र त्यांना काहीच जात नव्हतं. शेवटी नियम मोडून हाक मारली आणि वर गेल्यावर पाटी वाचता येते का, हे ऐकून घेतलं.

मी पाण्याचे फिल्टर दुरुस्त करतो. धायरी, वडगाव, वारजे, कर्वेनगर आणि पेठांमधली काही जुनी गिऱ्हाइकं. दिवसाला वीस-पंचवीस फोन होतात. फोनवर आवाज गेला नाही तर आमच्या धंद्यात माणूस लगेच दुसऱ्याला बोलावतो. तो आठवडाभर माझं असंच चाललं होतं. सकाळी सगळं व्यवस्थित, आणि दुपारी बाराच्या पुढे समोरच्याला मी मुका. संध्याकाळी घरी आलो की फोन पुन्हा शहाण्यासारखा वागायचा. बायको म्हणायची, "अहो, माझ्याशी तर नीट बोलताय की."

एप्रिलचा शेवट होता. ऊन कसं होतं ते पुण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. माझा फोन दिवसभर गाडीच्या हँडलवर, होल्डरमध्ये. नकाशा चालू, उन्हात दिसावं म्हणून उजेड पूर्ण वाढवलेला, इंटरनेट चालू आणि खालून गाडीच्या सॉकेटवर चार्जिंग. वर जाड काळं कव्हर. फोन वापरायला आजूबाजूचं तापमान ० ते ३५ अंश असावं, असं बऱ्याच कंपन्या स्वतःच लिहितात. म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये भरदुपारी फोन बाहेर काढूच नये! माझा तर हातात घेतला की चटका बसायचा. तेव्हा उष्णतेनंच काहीतरी झालंय, हे मी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं. ते चूक नव्हतं. पण तेवढ्यावर थांबलो, तिथं घोटाळा झाला.

आधी घरगुती उपाय झाले. फोन बंद-चालू केला. अ‍ॅपना माईकची परवानगी आहे का ते पाहिलं. अँड्रॉइड १२ पासून वरून खाली ओढायच्या पट्टीत माईक बंद करायचं एक बटणही आलंय, ते चुकून दाबलं गेलं नाही ना, तेही तपासलं. सेफ मोडमध्ये फोन सुरू केला, म्हणजे नंतर टाकलेली सगळी अ‍ॅप बाजूला राहतात. तरीही दुपारी तेच. मग खालची भोकं मऊ ब्रशनं साफ केली. तिथं मुलगी टाचणी घेऊन धावत आली होती, तिला थांबवलं. माईकच्या भोकात टाचणी घालू नये. आत जाळी असते, तिच्यामागे डाळीच्या दाण्याएवढा माईक, आणि तो टोचला की मग खरंच जातो. सिमचा ट्रे काढायची पिन माईकच्या भोकात खुपसणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. आईनं सुचवलं, "अरे, माठावर ठेव घटकाभर, गार होईल." ओल्या माठावर फोन! तांदळाच्या डब्याचंही नाव निघालं, पण फोन भिजलेला नव्हता, तापलेला होता. फ्रिजचा मोह मात्र मलाच झाला होता. तापलेली वस्तू एकदम गार केली की आत दव धरतं, हे फिल्टरच्या गार पाण्याच्या टाक्यांवर रोज बघतो, म्हणून हात आवरला.

मग मी आमच्या धंद्यातली पद्धत धरली. मशीन कधी चालतं, कधी बंद पडतं अशी तक्रार आली की गिऱ्हाइकाला मी वही ठेवायला सांगतो. तशीच स्वतःसाठी ठेवली. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं, त्यावर चार रकाने : वेळ आणि जागा, बॅटरीचं तापमान (ते दाखवणारं एक अ‍ॅप घेतलं), आवाज, आणि शेरा. आवाजाची परीक्षा साधी होती. रेकॉर्डर चालू करून एक ते दहा म्हणायचं आणि लगेच ऐकायचं. दिवसातून आठ-दहा वेळा रस्त्याच्या कडेला गाडी लावून हा माणूस स्वतःशी आकडे म्हणतोय, हे पाहून वारज्यात एका रिक्षावाल्यानं विचारलं, "दादा, बरं आहे ना?"

रेकॉर्डिंग ऐकताना पहिली नवी गोष्ट कळली. आवाज हळूहळू बारीक होत नव्हता, कापला जात होता. 'एक, दोन, तीन, चार, पाच, सहा' आणि मग थेट 'नऊ'. सात-आठ कुठे गेले पत्ता नाही. मध्ये खरखरही नाही, नुसती शांतता. जाळीत कचरा अडकला असता तर आवाज दबून आला असता. एखादी तार हलवल्यावर बल्ब जसा फटकन विझतो, तसं हे होतं.

दुसरी गोष्ट स्पीकरची. कॉलमध्ये स्पीकर चालू केला की समोरच्याला माझा आवाज जायचा. फोनमध्ये एकच माईक असतो असं आपण धरून चालतो, पण बहुतेक फोनमध्ये खाली एक आणि वर एक असे निदान दोन असतात. कानाला लावून बोलताना खालचा मुख्य असतो, आणि वरचा आजूबाजूचा कलकलाट ओळखून वजा करायला मदत करतो. स्पीकरवर टाकलं की माझ्या फोनात वरचा माईक पुढे येतो, हे मी कुणी सांगायच्या आधी बोट ठेवून शोधलं : स्पीकर चालू करून एकेक भोक बोटानं बंद करायचं आणि कुठलं बंद केल्यावर आवाज बसतो ते बघायचं. वायरचा हेडफोन लावला तरी सगळं ठीक. माझ्या फोनाला हेडफोनचं भोक डोक्यावर आहे, हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येतं. एकूण काय, वरचं सगळं शाबूत, खालचं आजारी. आणि खालचा मोठा स्पीकरही अधूनमधून गाणं वाजता वाजता अडखळायचा.

एवढं हाती घेऊन मी घराजवळच्या एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. त्यानं फोन हातात घेतला, "गरम होतो का?" विचारलं. मी हो म्हटलं. वही दाखवायला पिशवीत हात घातला, तेवढ्यात निकाल लागला. "ऑडिओ आयसी गेला. हीटनं खालचं सोल्डर सुटतं. रीबॉल करावं लागेल. तीन हजार दोनशे. बोर्डचं काम आहे, गॅरंटी नाही."

त्याचं म्हणणं खोटं म्हणता येणार नाही. ऑडिओ आयसी म्हणजे फोनमध्ये आवाजाचं काम बघणारी चिप, ती सोल्डरच्या, म्हणजे जोडणीच्या वितळणाऱ्या धातूच्या, बारीक बारीक गोळ्यांवर बसलेली असते. तापणं-थंड होणं, पडणं, वाकणं यांनी एखाद्या गोळीला चीर जाऊ शकते. मग गरम झालं की चीर फाकते, गार झालं की टेकते. 'दुपारी जातो, रात्री येतो' या तक्रारीला हे अगदी चपखल बसतं. रीबॉल म्हणजे चिप गरम हवेनं उचलायची, जुन्या गोळ्या काढायच्या, नव्या लावून परत बसवायची. शिसं नसलेलं सोल्डर साधारण २१७ अंशांच्या पुढे वितळतं, म्हणजे बोर्डाला तेवढी धग सोसावी लागते, आणि शेजारच्या चिपांनाही. जमलं तर जमलं.

पण मला एक गोष्ट खुपत होती. आमच्याकडे 'मेंब्रेन गेलाय', म्हणजे पाणी शुद्ध करणारा मुख्य पडदा गेलाय, हे वाक्य सगळ्यात महाग. पाणी कमी येतंय म्हटलं की काही जण मशीन न उघडताच ते म्हणतात, कारण मेंब्रेन खराब झाला तरी पाणी कमी येतंच. पाणी मात्र पन्नास रुपयांच्या साध्या फिल्टरात गाळ साचला तरी कमी येतं. ह्या गड्यानंही फोन उघडला नव्हता. कव्हरसुद्धा काढलं नव्हतं. मी 'विचार करून येतो' म्हणालो. त्यानं ओळखलं की मी येणार नाही.

आणखी चार दिवस वही भरली. आणि वही माझ्या सोयीनं वागेना. मंगळवारी कर्वेनगर, दुपारी दोन, बॅटरी ४४ अंश, आवाज ठीक! त्या दिवशी फोन होल्डरमध्ये नव्हता, हत्यारांच्या पिशवीत पाना आणि पाइपच्या गुंडाळीमध्ये दाबून बसवला होता. बुधवारी रात्री नऊ, घरी, पंखा चालू, ३३ अंश, आवाज गायब. तासाभरापूर्वी फोन सोफ्यावरून पडला होता. म्हणजे तापलेला असून चालतो आणि गार असून बंद पडतो? मला वाटलं, माझं अ‍ॅपच खोटं बोलतंय.

शनिवारी कामाला सुट्टी देऊन तापकीर गल्लीत गेलो. मंडईच्या मेट्रो स्टेशनातून बाहेर पडून चालत. बुधवार पेठेतली ही गल्ली मला परकी नाही, अडॅप्टर आणि वायरी मी तिथूनच घेतो. तिथल्या एका घाऊक दुकानदारानं सांगितलं, "वर पोटमाळ्यावर एक पोरगा बसतो, दुकानांचीच कामं करतो. बोलत नाही फार." पोटमाळा म्हणजे खरंच पोटमाळा होता. एक टेबल, मायक्रोस्कोप, हिरवी रबरी चटई, टूथब्रश आणि छोटा पंखा. पंचविशीचा मुलगा. मी तक्रार सांगायला लागलो, तर त्यानं हात पुढे केला, "वही आणलीय म्हणालात ना काका, ती द्या आधी."

तो वाचत होता, तेवढा वेळ मी खालच्या गल्लीतला आरडाओरडा ऐकत बसलो. मग त्यानं बोट ठेवलं ते आवाजाच्या रकान्यावर नाही, शेऱ्यावर.

"हे 'चार्जिंग हळू' तुम्ही किती ठिकाणी लिहिलंय बघितलंत का?"

पाच ठिकाणी लिहिलं होतं. पाचही ठिकाणी आवाज गेलेला होता. फोन तापला की चार्जिंग मुद्दाम मंद करतो, उजेड कमी करतो, हे मला माहीत होतं, म्हणून मी ते उष्णतेच्या खाती टाकून मोकळा झालो होतो. पण बुधवारी रात्रीच्या ओळीतही ते होतं. ३३ अंशांना फोन कशाला चार्जिंग मंद करेल? लिहिलं माझ्याच हातानं, आणि मीच वाचलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या वहीत हे मला दहा सेकंदांत दिसलं असतं.

"आयसी असता तर वरचा माईक आणि हेडफोन पण बोंबलले असते," तो म्हणाला. "तुमचं खालचं तेवढंच जातंय. माईक, स्पीकर, चार्जिंग, तिन्ही एकाच बोर्डावर असतात. खालचा छोटा बोर्ड. त्याला मेन बोर्डाशी जोडणारा पट्टा एकच." असं म्हणत त्यानं कव्हर काढलं, टेबलावरच्या काचेवर फोन पाठीवर ठेवला आणि बोटानं टिचकी मारली. फोन भोवऱ्यासारखा गरगर फिरला. सपाट पाठीचा फोन असा फिरत नाही. त्यानं फोन आडवा धरून माझ्या डोळ्यांसमोर आणला. मधोमध मागचं झाकण फ्रेमपासून सुटून नखाएवढी फट पडली होती. त्या फटीत राखाडी धूळ होती, रस्त्यावरची. दोन महिन्यांत मी कव्हर एकदाही काढलं नव्हतं.

"बॅटरी फुगलीय काका. आधी फोन बंद करा."

झाकण उघडताना त्यानं घाई केली नाही. कडा मंद गरम करून प्लास्टिकची पातळ पट्टी अगदी वरवर फिरवली. लोखंडी काही वापरलं नाही, कारण फुगलेल्या लिथियम बॅटरीला ओरखडा गेला तर ती पेटू शकते. झाकण निघालं आणि आत चांदीच्या रंगाची बॅटरी दिसली, वाटीतल्या इडलीसारखी मध्ये फुगून वर आलेली. तिच्या पाठीवरून वरून खाली गेलेला तो पट्टा, नारिंगी-काळा, कागदासारखा पातळ. बॅटरीनं त्याला मधून उचलून धरलं होतं. त्यामुळे खालच्या टोकाचा कनेक्टर एका बाजूनं किंचित उठला होता. मला डोळ्यांनी कळेना, त्यानं मायक्रोस्कोपमधून दाखवलं. शर्टाचं टिचबटण अर्धवट लागावं तसं दिसत होतं.

मला वाटलं, झालं, कळलं. पण त्या मुलाला तेवढं पुरेसं नव्हतं, आणि तिथं तो मला आवडला. फोन मिनिटभरच चालू करायचा म्हणून त्यानं रेकॉर्डर लावला आणि मला म्हणाला, "आकडे म्हणा." मी म्हणायला लागलो. आधी ब्लोअर अगदी मंद ठेवून त्यानं आवाजाची चिप जिथं होती त्या जागेवर हवा सोडली. वीसपर्यंत म्हटलं. मग ब्लोअर बाजूला ठेवून कनेक्टर बोटाच्या टोकानं हलकेच दाबला, मग सोडला, मग दाबला. बॅटरीला हात लावला नाही. रेकॉर्डिंग ऐकलं. चिप गरम करताना एकही आकडा गळला नव्हता. कनेक्टर सुटला तिथं बावीस, तेवीस नव्हते. दाबला तिथं चोवीस आला. पिशवीत पाना-पाइपांमध्ये चेपलेला फोन ४४ अंशांनाही का बोलत होता, ते मला त्या क्षणी उमगलं. पिशवी कनेक्टर दाबून धरत होती.

मग उष्णतेचा संबंध? होता की. चार्जिंग, नकाशा आणि ऊन तिन्ही एकदम सोसून बॅटरी आतून लवकर म्हातारी होते, तिच्यात वायू धरतो आणि ती फुगते. दुपारी तापली की आणखी ताणते, झाकणाचा गोंदही मऊ पडतो, पट्टा उचलला जातो. रात्री बसते. सोफ्यावरून पडला तेव्हा धक्क्यानं तेच झालं. पहिल्या दुकानदारानं 'हीट' म्हटलं ते बरोबर होतं, फक्त त्यानं तिथून सरळ सगळ्यात महागड्या चिपेवर उडी घेतली. तीन हजार दोनशे देऊन मी ती रीबॉल करून घेतली असती तर फुगलेली बॅटरी तशीच आत बसवून, घट्ट दाबून, फोन मला परत मिळाला असता. दाबल्यामुळे काही दिवस आवाजही आला असता.

नवी बॅटरी १४००, पट्टा ३००, मजुरी ४००. एकवीसशे. बॅटरीवरची तारीख त्यानं मला वाचायला दिली, कारण वर्षानुवर्षं पडून राहिलेला मालही 'नवा' म्हणून खपवला जातो. जुनी बॅटरी त्यानं कोपऱ्यातल्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, तिथं आणखी चार-पाच तशाच पडल्या होत्या. ती घरी नेतो म्हटलं असतं तर त्यानं दिलीच नसती असं वाटतं. कचऱ्याच्या गाडीत अशी बॅटरी टाकू नका, गाडीत ती दाबली जाते. झाकण चिकटवताना म्हणाला, "आता पाण्यापासून जपा, कंपनीचा गोंद होता तो गेला." पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणाऱ्याला हे सांगणं म्हणजे कमालच. आता फोन खिशातून काढून उंच जागी ठेवल्याशिवाय मी मशीनची टोपी उघडत नाही.

होल्डर मी गाडीवरून काढून टाकला. नकाशा कानातल्या हेडफोनवर ऐकतो, फोन बॅगेच्या आतल्या कप्प्यात. चार्जिंग सावलीत, नकाशा बंद असताना. जाड काळं कव्हर मुलीनं घेतलं, तिला त्यात रंगीत खडू ठेवायचे होते. वळण चुकण्याचं प्रमाण वाढलंय, हे मान्य करतो. वारज्याच्या पुलाखाली तर दोनदा चुकलो.

सोमवारी दुपारी दीड वाजता पुन्हा सदाशिव पेठेत जायचं होतं, त्याच आजोबांकडे, पंपाचा आवाज येतो म्हणून. बेल अजून बंदच होती आणि कागदाखाली नवी ओळ आली होती : 'फोनवर बोलावे.' मी फोन लावला.

"आजोबा, फिल्टरवाला. खाली उभा आहे."

"मग एवढ्या मोठ्यानं कशाला बोलताय? ऐकू येतंय मला."